आयसीई सोडा, आरबी पकडा : जर्मनी रेल्वेने बघताना

कोलोनहून फ्रँकफर्टला आयसीईने निघालं की सव्वा तासाच्या आसपास पोचता येतं. गाडी ताशी ३०० किलोमीटरने पळते, आणि बाहेर दिसतं काय? बोगदा, शेजारचा मोटाररस्ता, आवाज अडवणारी भिंत, की पुन्हा बोगदा. हा मार्ग २००२ साली सुरू झाला तो वेळ वाचवायला. ऱ्हाइन नदी, तिच्या काठचे किल्ले, उतारावरचे द्राक्षमळे हे सगळं जुन्या मार्गावरच राहिलं. तिथे आजही साधी गाडी धावते, गावागावात थांबत.

आम्ही नवरा-बायको मुलाकडे कार्ल्सरूहला दोनदा राहून आलो. पहिल्या खेपेला आठ दिवसांत सात शहरं केली. घरी आल्यावर फोटो बघताना हे न्यूरेंबर्ग की वुर्झबुर्ग यावर आमचं भांडण झालं. दुसऱ्या खेपेला एकच नियम केला : वेगवान गाडी फक्त मुक्काम बदलायला, बाकी सगळं हिंडणं साध्या गाडीने. पुढे लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेच्या हिशोबाने.

गाड्यांची अक्षरं आधी पाठ करा, कारण तिकिटाचं सगळं गणित त्यांच्यावर आहे. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या. आरई म्हणजे मोजकी स्टेशनं घेणारी प्रादेशिक गाडी. आरबी म्हणजे आपली पॅसेंजर. एस-बान ही लोकल, उ-बान ही मेट्रो.

आधी खिडकी ठरवा

बहुतेक लोक आधी शहरांची यादी करतात, मग तिकिटं काढतात आणि वाटेत जे दिसेल ते दिसेल म्हणतात. उलट करा. कोणत्या मार्गावर खिडकीत बसायचंय ते ठरवा, शहरं आपोआप त्याच्या दोन टोकांना येतात.

पहिला मान ऱ्हाइनचा. बिंगेन आणि रूडेसहाइमपासून कोब्लेंत्सपर्यंतची सुमारे ६५ किलोमीटरची दरी २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे. गंमत अशी, की माइंत्सपासून कोब्लेंत्सपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट. ही अडचण वाटते, पण दिवसाचा उत्तम फेरा याच अडचणीतून निघतो.

मुक्काम माइंत्सला ठेवा. सकाळी डाव्या, म्हणजे पश्चिम काठाने कोब्लेंत्सकडे जाणारी आरबी पकडा आणि गाडीच्या दिशेने तोंड करून उजव्या हाताच्या खिडकीत बसा. बिंगेन मागे पडलं की नदी थेट रुळाला येऊन चिकटते. पहिल्यांदा बाखाराखला उतरा. लाकडी चौकटीच्या तिरक्या घरांचं हे गाव तासाभरात पायी होतं, आणि मागच्या द्राक्षमळ्यातली पायवाट चढलात तर नदीचं वळण पूर्ण दिसतं. पुढची गाडी पकडून ओबरवेझेलच्या तटबंदीचे बुरूज बघत निघा. त्यानंतर लागोपाठ बोगदे येतात. त्यांची तोंडं किल्ल्याच्या दरवाजासारखी बांधलीत. एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांना बोगदा नुसता बोगदा ठेवणं कमीपणाचं वाटत असावं. बोगद्यांतून बाहेर पडेपर्यंत पलीकडच्या काठावर लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा आलेला असतो. वर बसून केस विंचरणाऱ्या आणि गाण्याने नावाड्यांना भुलवणाऱ्या बाईची दंतकथा याच कड्याची. खरं सांगायचं तर कडा बघून थोडी निराशा होते, आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशी त्याची तुलना नको. बघण्यासारखी आहे ती नदी. इथे ती अरुंद होते, वळते, आणि लांबलचक मालवाहू बोटी ते वळण कशा घेतात हे काठावर उभं राहून बघावं.

सांक्त गोआरला उतरा, जेवा, आणि फेरीबोटीने पलीकडे सांक्त गोआर्सहाउझेनला जा. आता पूर्व काठाच्या गाडीने दक्षिणेकडे परत यायचं. इथेही उजवी खिडकीच धरायची, कारण काठ बदलला आणि दिशाही बदलली. काउबजवळ नदीच्या मधोमध जहाजासारखा एक पांढरा किल्ला उभा दिसतो. चौदाव्या शतकातला हा जकातनाका; येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींकडून पैसे उकळायला बांधलेला. रूडेसहाइमला उतरा, तिथून फेरीने बिंगेन, बिंगेनहून माइंत्स. सगळा फेरा नऊ-दहा तासांचा होतो, त्यातला गाडीतला वेळ जेमतेम अडीच-तीन तास.

दुसरा मार्ग आपल्या घाटातल्या लोकांसाठी खास. कार्ल्सरूहहून कोन्स्टान्झला जाणारी आरई ऑफेनबुर्गनंतर ब्लॅक फॉरेस्टमध्ये शिरते. रोबेर्ट गेर्विग या इंजिनिअरने आखलेला हा श्वार्त्सवाल्डबानचा मार्ग १८७३ साली पुरा झाला. आपला भोर घाट त्याच्या दहा वर्षं आधी, १८६३ मध्ये सुरू झालेला. तिथे चढ ३७ ला १ (म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) होता आणि एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने पुढे न्यावी लागे. गेर्विगने वेगळी युक्ती केली. त्याने चढ ५० ला १ पेक्षा वाढूच दिला नाही, त्यासाठी रूळच डोंगराच्या अंगावर गुंडाळले. हॉर्नबेर्ग ते सांक्त गेऑर्गेन हे सरळ रेषेत सुमारे ११ किलोमीटरचं अंतर, रूळ मात्र २६ किलोमीटरच्या आसपास. वाटेत तीसहून जास्त बोगदे. हॉर्नबेर्ग सुटल्यावर खाली उजवीकडे एखादं शेतघर हेरून ठेवा. थोड्या वेळाने तेच घर डावीकडे दिसतं, अजून खाली, काडेपेटीएवढं. डावी-उजवी खिडकी हा वाद इथे मिटतो, दोन्हीकडे सारखंच दिसतं.

उतरायचं ते ट्रीबेर्गला. १६३ मीटरचा धबधबा आणि कुकू घड्याळांची दुकानं यासाठी गाव प्रसिद्ध आहे. स्टेशन खाली दरीत आणि गाव वर आहे, तेव्हा चढ चालायचा नसेल तर बसची वेळ आधी बघून ठेवा. ब्लॅक फॉरेस्टमध्येच एक-दोन रात्री राहणार असाल तर कोनुस कार्ड मागून घ्या. या योजनेतल्या गावांत मुक्कामी पाहुण्याला यजमान हे कार्ड देतो आणि त्यावर त्या भागातल्या साध्या गाड्या आणि बस फुकट. न मागता मिळायला हवं, पण मागावं.

तिसरी दरी एल्बे नदीची. ड्रेस्डेनहून एस-१ ही लोकल बाड शांडाउकडे जाते. डावी खिडकी धरा. पाऊण तासाच्या आत कुरोर्ट राटेन येतं. स्टेशन या काठाला, गाव त्या काठाला, मध्ये तारेला बांधलेली होडी. हिला इंजिनच नाही, नावाडी तिला तिरकी करतो आणि नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. पलीकडून पाऊण तास पायऱ्या चढल्या की बास्टाइ, म्हणजे वाळूच्या दगडांचे सुळके आणि त्यांच्यामधून १८५१ मध्ये बांधलेला दगडी पूल, खाली जवळजवळ दोनशे मीटरवर एल्बे. दुपारी दोननंतर गर्दी नकोशी होते. सकाळी आठची लोकल पकडा.

म्युनिकच्या बाजूला गार्मिश-पार्टेनकिर्शनची गाडी सव्वा-दीड तासात आल्प्सच्या पायथ्याशी नेते. वाटेत डावीकडे श्टार्नबेर्गचं सरोवर दिसतं, मुर्नाउनंतर समोर डोंगरांची भिंत. गार्मिशहून दातेरी रुळांची गाडी आणि शेवटच्या टप्प्याला केबलकार, अशा जोडीने जर्मनीचं सर्वांत उंच शिखर झुगश्पिट्झे (२,९६२ मीटर) गाठता येतं. या जोडीचं भाडं वेगळं आणि भारी आहे. ढग असतील तर पैसे वाया, म्हणून सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघूनच तिकीट काढा. नाहीतर सरळ पुढे मिटेनवाल्डला जा, तिथे डोंगर फुकट दिसतो.

आणि वुपरटाल. कोलोनहून अर्ध्या तासावरचं हे गाव सुंदर वगैरे नाही. पण इथली लोकल १९०१ पासून रुळांना खाली लटकून चालते, बरीचशी वाट नदीच्या वरून. १९५० मध्ये एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू या गाडीत चढवलं. ते बिथरलं, डब्याची बाजू फोडून नदीत पडलं, आणि किरकोळ खरचटण्यावर निभावलं. १३ किलोमीटरची पूर्ण फेरी मारा आणि परत या.

मुक्काम जंक्शनवर

बारा दिवस असतील तर तीन मुक्काम पुरे : माइंत्स किंवा कोब्लेंत्स, मग कार्ल्सरूह किंवा फ्रायबुर्ग, मग म्युनिक. ड्रेस्डेन हवंच असेल तर चौथा. हॉटेल मुख्य स्टेशनापासून, म्हणजे 'हाउप्टबानहोफ'पासून चालत दहा मिनिटांत असावं. रोज सकाळ-संध्याकाळ तिथेच येणं आहे. मुक्काम बदलताना वाटेत एखादं शहर बघायचं असेल तर सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. 'श्लिसफाख' अशी पाटी असते. कोलोन त्यासाठी सोयीचं. स्टेशनच्या दारातच १५७ मीटर उंचीचं कॅथीड्रल उभं आहे, १२४८ मध्ये काम सुरू होऊन १८८० मध्ये संपलेलं. तीन तास मिळाले तरी कॅथीड्रल आणि प्रेमिकांच्या कुलपांनी लगडलेला रेल्वेपूल होऊन जातो. हायडेलबेर्गला मात्र फसू नका, स्टेशन जुन्या गावापासून बरंच लांब आहे, बस किंवा ट्राम घ्यावी लागते.

तिकिटाचं गणित

आता कागद-पेन घ्या.

साध्या गाड्यांसाठी डॉइचलांडटिकेट. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. त्यात देशभरातल्या आरई, आरबी, एस-बान, उ-बान, ट्राम, शहरातल्या बस येतात. आयसीई, आयसी, ईसी येत नाहीत. हे तिकीट नावाचं असतं, नवऱ्याचं बायकोला चालत नाही. दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे ते कॅलेंडरच्या महिन्याचं असतं. २५ तारखेला उतरून ८ तारखेला परतणार असाल तर दोन महिन्यांचे पैसे जातात, म्हणून जमलं तर सहल एकाच महिन्यात बसवा. दुसरं म्हणजे ही वर्गणी आहे. चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. घेतल्या दिवशीच रद्द करण्याची सूचना नोंदवून टाका, महिना संपेपर्यंत तिकीट चालूच राहतं.

फक्त तीन-चार दिवस हिंडायचं असेल आणि माणसं जास्त असतील तर राज्यांची दिवसाची तिकिटं बघा, उदाहरणार्थ बायर्न-टिकेट. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, आणि माणूस वाढला की भाडं थोडंच वाढतं. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं (शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून), आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. याचा परिणाम लक्षात घ्या. म्युनिकहून फ्यूसेन सुमारे दोन तास, पुढे नॉयश्वानश्टाइन किल्ल्याखाली जायला बस, मग चढ. म्हणजे कामाच्या दिवशी या तिकिटावर निघालात तर किल्ल्याची ठरावीक वेळेची प्रवेशिका दीडच्या आधीची घेऊ नका. हेच तिकीट साल्झबुर्गपर्यंतही चालतं, ऑस्ट्रियात असूनसुद्धा.

मुक्काम बदलायच्या दोन-तीन लांब प्रवासांसाठी 'श्पारप्राइस'. जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, पण तुम्ही त्याच गाडीला बांधलेले. आणि आपल्या मनात न उतरणारी गोष्ट : आयसीईचं तिकीट म्हणजे जागा नव्हे. जागेचं आरक्षण वेगळं, माणशी पाच-सहा युरो. शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी संध्याकाळी निघणार असाल तर ते घ्याच, इतर वेळी नाही घेतलं तरी बहुधा चालतं. ६ ते १४ वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, पण तिकीट काढतानाच त्यांची नोंद करायची; नंतर गाडीत सांगून उपयोग नाही.

युरोपबाहेर राहणाऱ्यांना जर्मन रेल पास मिळतो आणि तो आयसीईतही चालतो. रोज शहर बदलणाऱ्याला तो परवडेल. आमच्या पद्धतीच्या प्रवासात त्याचे पैसे वसूल होत नाहीत. बानकार्ड नावाचं सवलतीचं कार्ड चार दिवसांच्या पाहुण्याने घेऊच नये; ते मुदतीत रद्द केलं नाही तर आपोआप पुढच्या काळासाठी वाढतं.

फलाटावर जायला कुठे फाटक नाही, म्हणून मोकळं रान समजू नका. तपासनीस साध्या कपड्यातही येतो, आणि विनातिकीट दंड ६० युरो. म्युनिक, बर्लिनसारख्या शहरांत यंत्रातून काढलेल्या कागदी तिकिटावर छोट्या पेटीत शिक्का मारावा लागतो. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड.

ॲप वाचायला शिका

डीबी नॅव्हिगेटर घरूनच उतरवून ठेवा, इंग्रजीत चालतं. त्यात दोन गोष्टी बदला. डॉइचलांडटिकेट असेल तर 'फक्त स्थानिक वाहतूक' हा पर्याय चालू करा, म्हणजे आयसीई दिसणारच नाहीत. आणि गाडी बदलायला किमान वेळ १५-२० मिनिटांचा ठेवा. ॲप आपल्या मनाने सहा मिनिटांची बदली सुचवतं. ती कागदावर छान दिसते. बॅगा घेऊन भुयारातून तीन फलाट ओलांडताना नाही.

काही शब्द फलकावर ओळखता यावेत. ग्लाइस म्हणजे फलाट. फेरश्पेटुंग म्हणजे उशीर. फेल्ट आउस म्हणजे गाडी रद्द. एर्झात्सफेरकेर म्हणजे रेल्वेऐवजी बस. हा शेवटचा शब्द हल्ली वारंवार दिसतो, कारण २०२४ मध्ये फ्रँकफर्ट-मानहाइम मार्गापासून सुरुवात करून मोठे मार्ग महिनोन् महिने पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करायचं धोरण आहे. म्हणून ठरवलेला मार्ग प्रवासाच्या तारखेला उघडा आहे का, हे हॉटेल काढण्याच्या आधी बघायचं.

फलाटावर

लांब फलाटाचे ए, बी, सी असे भाग केलेले असतात. तुमचा डबा कोणत्या अक्षराखाली येईल ते फलकावर दिसतं, तिथेच उभे राहा. आयत्या वेळी 'उम्गेकेर्टे वागनराइऊंग' असं काही ऐकू आलं तर समजा की डबे उलट्या क्रमाने लागलेत, आणि अख्खा फलाट बॅगा ओढत समोरासमोर धावणार आहे. तुम्हीही धावा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाड्या वाटेत दुभंगतात. म्युनिकच्या एस-१ चे नॉयफार्नला दोन तुकडे होतात, एक विमानतळाला जातो, दुसरा फ्रायसिंगला. हे मला ठाऊक होतं. तरीही परतीच्या दिवशी बॅग ठेवायला जागा दिसली म्हणून मी खुशाल समोरच्या डब्यात शिरले. नॉयफार्न गेलं, वरच्या पाटीवर फ्रायसिंग आलं, आणि शेजारच्या आजींनी माझ्या बॅगेवरचा विमान कंपनीचा पट्टा बघून नुसती मान हलवली. विमान मिळालं, पण धाप लागून. तेव्हापासून डब्याच्या दारावरचं ठिकाण वाचल्याशिवाय मी पाय ठेवत नाही.

फ्रँकफर्टचं मुख्य स्टेशन आपल्या सीएसएमटीसारखं टर्मिनस आहे. पुढे जाणारी गाडीही तिथून उलट्या दिशेने निघते. आपण चुकलो की काय म्हणून उठू नका; फक्त तुमची सरळ तोंडाची जागा आता पाठमोरी झालेली असते.

उशीर होणारच

जर्मन शिस्त म्हणून घड्याळ लावायच्या गोष्टी विसरा. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा वेळेवरच धरतात. नियम मात्र प्रवाशाच्या बाजूचे आहेत. पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की श्पारप्राइसचं बंधन सुटतं, आणि पुढच्या दुसऱ्या आयसीईत बसता येतं. ६० मिनिटं उशिरा पोचलात तर भाड्याच्या २५ टक्के, १२० मिनिटांनंतर ५० टक्के परत. अर्ज ॲपमधूनच करता येतो. ॲपवरच्या उशिराच्या पाटीचा फोटो काढून ठेवावा. विमानाच्या दिवशी शक्यतो आदल्या रात्रीच विमानतळाच्या शहरात येऊन झोपा.

रविवारी गावातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली उघडी. पाणी, फळं तिथेच घ्या. बाटलीवर २५ सेंट ठेव असते, ती रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की परत मिळते. गाडीत घरचं खायला कुणी हरकत घेत नाही. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाखाराखपर्यंत गेलीय. मात्र आयसीईत शांत डबा असतो, तिथे फोनवर घरच्यांशी बोलू नका.

दरीतल्या छोट्या स्टेशनांवर संध्याकाळनंतर माणूस नसतो, बहुतेक ठिकाणी बसायची खोलीही नसते. म्हणून सकाळीच परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि निघायचं ते शेवटून दुसऱ्या गाडीने. ती रद्द झाली तर शेवटची आहे. आम्हाला ट्रीबेर्गला ती एकदा लागली. ऑक्टोबरची थंडी होती, आणि पाकिटातला तो कागद नसता तर टॅक्सीला किती पडले असते हे नवऱ्याने फलाटावर दोनदा मोजून दाखवलं.